कुत्र्याच्या अंगावर गोचीड परत परत का येतात: गोव्यातल्या घरांसाठी तपासणीचा क्रम

आधी लक्षणं

खालच्यातल्या दोन-तीन गोष्टी तुमच्या घरी घडत असतील तर पुढचा मजकूर त्याच तक्रारीबद्दल आहे.

- आंघोळ घातली, औषध टाकलं की आठ-पंधरा दिवस बरे जातात. मग कानाच्या घडीत, पंजाच्या बोटांमध्ये, गळपट्ट्याखाली पुन्हा गोचीड.
- रात्री दिवा लावला की भिंतीवर, दाराच्या चौकटीवर किंवा पडद्यावर तपकिरी गोचीड वर वर चढताना दिसतो.
- कुत्रा बल्कांवावरच्या (घरासमोरच्या बाकांच्या ओसरीवरच्या) ठरलेल्या कोपऱ्यात झोपतो आणि तिथून उठला की खाजवत सुटतो.
- मोठे गोचीड सापडत नाहीत, पण पोटाशी आणि कानाच्या कडेला तिळाहून बारीक, चालणारे ठिपके दिसतात.
- पावसाआधीच्या उकाड्यात आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात दर वर्षी हीच कथा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. कुत्र्याला ताप आहे, त्याने खाणं सोडलंय, हिरड्या फिकट पडल्यात, नाकातून रक्त येतंय किंवा लघवी काळपट तपकिरी होतेय, यांतलं एकही असेल तर खालच्या तपासण्या करत बसू नका. आजच पशुवैद्याकडे जा. घराचं उद्या बघता येईल.

गोचीड राहतो कुठे

आपल्याकडे घराजवळच्या कुत्र्यांवर सापडणारा गोचीड बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो. रंग तांबूस तपकिरी, शास्त्रीय नाव रिपिसेफॅलस सँग्विनियस. त्याचं जगणं समजलं की निम्मं काम झालं. तो आयुष्यात तीन वेळा रक्त पितो आणि तिन्ही वेळा पोट भरलं की कुत्र्यावरून खाली उतरतो. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू तीन-चार दिवस रक्त पितं, उतरतं, एखाद्या फटीत कात टाकतं आणि आठ पायांचं होऊन परत चढतं. पुन्हा चार-पाच दिवस रक्त, पुन्हा फट, पुन्हा कात. मग प्रौढ मादी आठवडाभर किंवा थोडं जास्त रक्त पिऊन टम्म फुगते, उतरते, आडोसा शोधून दोन ते चार हजार अंडी घालते आणि मरते. उबदार हवेत हे सगळं चक्र दोन-अडीच महिन्यांत पुरं होतं. थंडी अशी आपल्याकडे नाहीच, त्यामुळे ते वर्षभर चालू राहतं.

हिशेब केला तर कुत्र्याच्या अंगावर त्याचे जेमतेम दोन-तीन आठवडे जातात. बाकीचा सगळा काळ तो तुमच्या घरात असतो, आणि प्रौढ गोचीड काही न खाता वर्षभरसुद्धा तग धरतो. शॅम्पूने कुत्रा स्वच्छ होतो, भिंत तशीच राहते. तक्रार परत परत येण्याचं कारण जवळपास प्रत्येक घरात हेच निघतं. तरीही तपासणीची सुरुवात भिंतीपासून करायची नाही. आधी फुकटातल्या गोष्टी बघायच्या, कारण बऱ्याचदा घोळ तिथेच सापडतो.

पहिली तपासणी: गोचीडच आहे ना, आणि जिवंत आहे का

खर्च काही नाही, वेळ पंधरा मिनिटं. कुत्र्याला उजेडात आडवं करा आणि केस उलट्या दिशेने सारत बोटांच्या टोकांनी चाचपत जा. क्रम रोज एकच ठेवा, म्हणजे जागा सुटत नाही. कानाची आतली घडी, कानामागचा खळगा, पापण्यांची कड, हनुवटीखाली, गळपट्टा पूर्ण काढून गळा, काखा, जांघा, शेपटीखाली आणि शेवटी चारही पंजे. पंजात बोटांमधली कातडी वरूनही बघा आणि तळव्याच्या बाजूनेही. सगळ्यात जास्त गोचीड तिथेच नजरेतून सुटतात, कारण कुत्रा पाय ओढून घेतो आणि माणूस कंटाळतो.

चामखीळ किंवा स्तनाग्र गोचीड समजून ओढल्याने जखमा होतात. पोटावर दोन ओळींत असलेल्या बारीक गाठी नराच्याही अंगावर असतात, ती स्तनाग्रं. शंका आली तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा. गोचीड असेल तर कातडीलगत पाय दिसतात.

आता तो जिवंत आहे का हे बघायचं. पोटात दिलेल्या गोळीने मेलेला गोचीड लगेच गळून पडतोच असं नाही. तो वाळून दिवस-दोन दिवस तसाच चिकटलेला राहतो, आणि मालक म्हणतो औषध चाललं नाही. काढलेला गोचीड पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याच्यावर तोंडाची वाफ सोडा. श्वासाने तो जागा होतो. दहा मिनिटांत पाय हलले नाहीत आणि अंग सुरकुतलेलं असेल तर औषध काम करतंय, नवे गोचीड घरातून चढताहेत. राखाडी, फुगलेला आणि पाय हलवणारा असेल तर औषध त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. पहिल्या प्रकारात तुम्हाला भिंतीकडे वळायचंय, दुसऱ्या प्रकारात औषधाकडे. एवढी एक खूण नीट पाहिली तर बरेच पैसे वाचतात.

काढताना टोकदार चिमटा कातडीला टेकवून गोचिडाला तोंडाजवळ धरा आणि सावकाश सरळ वर ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. काढलेला गोचीड स्पिरिट किंवा साबणाचं पाणी भरलेल्या झाकणाच्या बाटलीत टाका. नखाने चिरडायचा नाही, त्याच्या पोटातल्या रक्तात रोगाचे जंतू असू शकतात. रॉकेल, तेल, पेटती काडी हे तर मुळीच नको. त्याने कातडी भाजते, वेळ जातो आणि डिवचलेला गोचीड जखमेत जास्त लाळ सोडतो. तोंडाचा तुकडा आत राहिला तर उकरू नका, तो काही दिवसांत आपोआप बाहेर पडतो. तिथे छोटी गाठ राहते, तीही ओसरते.

रोज हात फिरवण्याचा उपयोग किती? बबेसिया हा रक्तातला परजीवी कुत्र्यात जायला गोचीड साधारण दोन दिवस चिकटलेला असावा लागतो, म्हणून रोज काढले तर तो धोका खूप कमी होतो. एर्लिकिया हा गोचिडातूनच येणारा दुसरा जंतू मात्र काही तासांतच जाऊ शकतो. त्यामुळे नुसत्या हाताने काढण्यावर भागत नाही.

दुसरी तपासणी: तारीख आणि वजन

औषध कधी दिलं होतं? आठवणीवर जाऊ नका, पाकीट किंवा फाइल काढा. मानेवर टाकायचं फिप्रोनिल आणि तोंडाने द्यायचं अफॉक्सोलेनर महिन्याला एकदा, फ्लुरालेनरची गोळी बारा आठवड्यांनी. फिप्रोनिल गुडीपाडव्याला टाकलं आणि पुढचं जूनच्या शेवटी, तर मधले दोन महिने गोचिडांना मोकळं रान. तेवढ्या अवधीत एक अख्खी पिढी वाढते.

मग वजन. सहा महिन्यांपूर्वी नऊ किलोचं पिल्लू आज सोळा किलोचं आहे आणि घरात अजून दहा किलोपर्यंतचीच नळी येतेय, हे फार ठिकाणी दिसतं. फिप्रोनिलच्या नळ्या अशा असतात: दहा किलोपर्यंत ०.६७ मिली, दहा ते वीस किलोला १.३४ मिली, वीस ते चाळीस किलोला २.६८ मिली. वजन घ्यायला खास काटा लागत नाही. कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा.

एक मोठी नळी किंवा गोळी आणून दोन छोट्या कुत्र्यांना वाटून देणं टाळा. गोळीत औषध सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही, आणि नळीतले थेंब अंदाजाने अर्धे होत नाहीत.

तिसरी तपासणी: औषध लावायची रीत

फिप्रोनिल कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं. आधीच्या दोन दिवसांत शॅम्पू झाला असेल तर तेल धुतलं गेलेलं असतं, नंतरच्या दोन दिवसांत झाला तर औषधच धुतलं जातं. मिरामार किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर रोज लाटांत खेळणाऱ्या कुत्र्याचं हेच होतं. खाऱ्या पाण्याने गोचीड मरतात असं मानणारे आहेत. मरत नाहीत, उलट अंगावरचं औषध कमी होतं. पोहणाऱ्या किंवा आठवड्याला आंघोळ लागणाऱ्या कुत्र्यासाठी पोटात द्यायची गोळीच बरी.

नळी टाकताना मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये, केस दुभंगून कातडी दिसली पाहिजे. केसांवर चमकणारं औषध वाया गेलेलं असतं. ती जागा कुत्र्याच्या जिभेला पोचत नाही म्हणूनच निवडलेली आहे.

फवारा वापरत असाल तर मात्रा मोजा, कारण चूक बहुतेक इथेच होते. ०.२५ टक्क्यांच्या फिप्रोनिल फवाऱ्याची मात्रा किलोला ३ ते ६ मिली. पंधरा किलोच्या कुत्र्याला म्हणजे कमीत कमी ४५ मिली. बाटलीचा पंप एका दाबात अर्धा मिली सोडत असेल तर नव्वद दाब झाले. लोक दहा-बारा दाबांत उरकतात आणि औषधाला नावं ठेवतात. केस कातडीपर्यंत ओलसर झाले पाहिजेत, आणि हातमोजे घालून ते उलटे चोळायला हवेत. फवाऱ्यात स्पिरिट असतं. वाळेपर्यंत समई, उदबत्ती, चूल, सिगरेट यांच्यापासून कुत्र्याला लांब ठेवा आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

औषधी पट्टा असेल तर तो कातडीला टेकलेला हवा. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटं सरकावीत, तिसरं जाऊ नये. शोभेसाठी सैल लोंबणारा पट्टा काही करत नाही.

गोळीबद्दल दोनच गोष्टी. फ्लुरालेनर भरल्या पोटी द्या, जेवणासोबत ते नीट शोषलं जातं. आणि ही औषधं रक्तातून काम करतात, म्हणजे गोचीड चावल्यावरच मरतो. फ्लुरालेनरने साधारण बारा तासांत, अफॉक्सोलेनरने दोन दिवसांत. अंगावर चालणारा एखादा ताजा गोचीड दिसला म्हणून गोळी फसली असं होत नाही. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर या गटातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

चौथी तपासणी: घरातली आणि दारातली बाकी जनावरं

एका कुत्र्याला औषध आणि दुसरा तसाच, असं असेल तर दुसरा कुत्रा गोचिडांचं जेवणघर बनतो. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी औषध द्या. दारात जेवायला येणारा भटका कुत्राही यात धरा. तो रात्री तुमच्याच बल्कांवाच्या बाकाखाली झोपतो आणि पोट भरलेले गोचीड तिथेच उतरतात. त्याला हात लावता येत नसेल तर डॉक्टरांशी बोलून मांसाच्या तुकड्यात गोळी देता येते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी जिन्याखाली, पंपाच्या खोलीत आणि पार्किंगमध्ये झोपणाऱ्या कुत्र्यांचा विचार शेजाऱ्यांसोबत करावा. एकट्या घराने केलेलं काम महिनाभर टिकतं.

मांजर असेल तर जपून. पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराचा जीव घेऊ शकतं, अगदी औषध लावलेल्या कुत्र्याला घासून झोपलं तरी. अमिट्राझ हे गोचिडांवरचं औषधही मांजराला चालत नाही, आणि मधुमेह असलेल्या कुत्र्यालाही नाही. ससा पाळला असेल तर त्याच्या आसपास फिप्रोनिल नको.

सत्तरी, सांगे, काणकोणकडे रानाला लागून राहणाऱ्यांच्या कुत्र्यांवर रानातले वेगळे गोचीडही चढतात. ते घराच्या भिंतीत वस्ती करत नाहीत, पण सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो आजार रानातल्या हेमाफायसॅलिस जातीच्या गोचिडांकडून माणसाला होतो. रानातून आलेल्या कुत्र्याला अंगणातच तपासा, घरात मग घ्या. रानात जाऊन आल्यावर घरातल्या कुणाला ताप आला तर आरोग्य केंद्रात रानात गेल्याचं न विसरता सांगा.

पाचवी तपासणी: भिंत

बहुतेक घरांतली तक्रार इथे येऊन थांबते, म्हणून सावकाश बघा. लागणाऱ्या वस्तू: विजेरी, जुनी बँककार्ड किंवा पातळ पट्टी, पांढरा चिकटपट्टीचा रोल, साबणाच्या पाण्याची बाटली. वेळ अंधार पडल्यानंतरची.

या गोचिडाला वर चढायची सवय असते. रक्त पिऊन उतरलेली मादी जमिनीवर थांबत नाही, भिंत धरून वर जाते. म्हणून शोध जमिनीवर संपवायचा नाही. कुत्रा जिथे झोपतो ती जागा मध्ये धरा आणि तिथून वर, छतापर्यंत, विजेरी भिंतीला समांतर धरून बघत जा. तिरक्या उजेडात फटीतल्या गोचिडाची सावली पडते, समोरून उजेड टाकला तर तो दिसत नाही.

आपल्या घरांची रचना गोचिडाला सोयीची आहे हे मान्य करायला हवं. चिऱ्याला, म्हणजे जांभ्या दगडाला, जन्मजात भोकं असतात, आणि गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंतीत प्रत्येक भोक म्हणजे एक खोली. आवाराचा गडगा, विहिरीचा कठडा, तुळशीवृंदावनाच्या मागची भेग, बल्कांवाच्या बाकाची खालची बाजू, दाराच्या चौकटीचा आणि भिंतीचा सांधा, भिंतीच्या माथ्यावर वासे टेकतात ती जागा, कौलांखालच्या रिपा, हे सगळं बघा. बाकाच्या खाली हात घालायच्या आधी विजेरी घाला, तिथे विंचूही असतो. घराबाहेर रचलेली सोडणं (नारळाची सालं), झावळ्या, सरपण आणि जुनी कौलं जर कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेपासून चार-पाच हातांवर असतील तर तीही यादीत. फ्लॅटमध्ये स्कर्टिंगच्या टाइल्सची वरची कड, सोफ्याच्या खालचं कापड, पडद्याच्या दांड्याची खोबण, स्विचबोर्डच्या कडा आणि फॉल्स सीलिंगचा सांधा.

पट्टी फटीत घालून हळूच बाहेर ओढा. जुन्या वस्तीत पट्टीबरोबर कागदासारख्या हलक्या, रिकाम्या काती येतात. नुसत्या काती सापडल्या तरी जागा सापडली असं समजा. नशिबाने अंड्यांवर बसलेली मादी दिसली तर ती सुकून चपटी झालेली असते आणि तिच्या तोंडासमोर तांबूस तपकिरी, खसखशीहून बारीक अंड्यांचा चकचकीत ढीग असतो. झाडूने झटकू नका, हजारो अंडी पसरतील. चिकटपट्टी दाबून उचला, पट्टी घडी करून साबणाच्या पाण्यात बुडवा.

आता स्वच्छता. कुत्र्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि आठवड्याला एकदा हे चालू ठेवा. गोणपाटाचं अंथरूण असेल तर टाकून द्या, त्याच्या विणीत पिल्लं लपतात. फटी व्हॅक्युमने ओढून घ्या आणि पिशवी लगेच बाहेर नेऊन बंद करून टाका. व्हॅक्युम नसेल तर फटीत उकळतं पाणी ओतलं तरी चालतं, फक्त विजेच्या जोडण्या आणि लाकूड सांभाळा. गॅसची ज्वाळा भिंतीवर फिरवायचा प्रकार काही जण करतात. वासे आणि सुक्या झावळ्यांजवळ त्याने घर पेटू शकतं, हे करू नका.

त्यानंतर सगळ्यात टिकाऊ काम, फटी बुजवणं. चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चुना किंवा रंग. चवथीच्या आधी घराची रंगरंगोटी होतेच, त्यात कुत्र्याच्या कोपऱ्यातल्या भेगा आधी भरून घ्या. चुन्याने गोचीड मरतात असं धरून चालू नका, चुन्याचा फायदा एवढाच की बारीक भोकं बंद होतात. कुत्र्याची झोपायची जागा भिंतीपासून हातभर आत, उघड्या फरशीवर आणली तरी फरक पडतो, कारण उतरलेल्या गोचिडाला भिंत गाठायला उघड्यावरून चालावं लागतं आणि तो दिसतो.

सहावी तपासणी: तीन महिने सलग

इथवरचं सगळं ठीक असूनही जिवंत, फुगलेले गोचीड सापडत असतील तर औषधाचा गट बदलायचा विचार करा. फिप्रोनिल आणि पर्मेथ्रिन यांना दाद न देणारे तपकिरी गोचीड जगात काही ठिकाणी सापडले आहेत. गट बदलणं म्हणजे दुसऱ्या कंपनीचं तेच औषध आणणं नव्हे. पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा, मोठ्या अक्षरांतलं कंपनीचं नाव सोडून द्या.

कुठलाही गट घेतला तरी तीन महिने खंड न पडता चालला पाहिजे, आणि वस्ती जुनी असेल तर त्याहून जास्त. कारण वर सांगितलेलं चक्र. आज भिंतीत असलेली अंडी तीन-चार आठवड्यांनी फुटणार, त्यातली पिल्लं कुत्र्यावर चढणार आणि मरणार. मग आधी कात टाकून बसलेले चढणार आणि मरणार. औषध घातलेला कुत्रा घरातले गोचीड एकेक करून ओढून घेतो. पहिल्या महिन्यात गोचीड दिसत राहतात, दुसऱ्यात कमी होतात. बरेच जण नेमके दुसऱ्या महिन्यात थांबतात.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना गोळ्या आणि बहुतेक नळ्या चालत नाहीत. त्यांच्यासाठी बारीक दातांची फणी आणि चिमटा, आणि औषध लागलंच तर डॉक्टर सांगतील ते. गाभण आणि पाजणाऱ्या कुत्रीचंही तसंच.

जनावरांच्या औषधाच्या दुकानात गुरांसाठी मिळणारं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला टोचणं अजून चालू आहे. ते थांबायला हवं. गुरांच्या बाटलीतून कुत्र्याची मात्रा मोजताना थोडी चूकही मोठी होते, कोलीसारख्या काही जातींच्या मेंदूवर त्याचा घातक परिणाम होतो, आणि गोचिडांवर त्याचा भरवसाही नाही. कापूर घातलेलं खोबरेल तेल कुत्रा चाटतो आणि कापूर त्याला विषारी आहे. लसूण खाऊ घालणंही तसंच.

सातवी: घराची फवारणी

सगळ्यात खर्चाचं आणि जोखमीचं काम, म्हणून शेवटी. घरात वापरायला परवानगी असलेलं सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन, लेबलवर लिहिलेल्या प्रमाणातच. जास्त घातलं की जास्त मरतात असं नसतं. फवारणी फटींत, चौकटींत आणि छताच्या सांध्यात करायची, अंगणभर शिंपडायची नाही. फवारणीने अंडी मरत नाहीत, म्हणून तीन आठवड्यांनी दुसरी आणि तेवढ्याच अंतराने तिसरी. एकच फवारणी करून थांबलात तर पैसे पाण्यात.

ही औषधं मासे आणि पाण्यातल्या जिवांना अतिशय विषारी आहेत. विहिरीच्या कठड्यावर, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेताच्या) किंवा मानशीच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) बाजूला, नाल्याजवळ फवारू नका. पाऊस तोंडावर असेल तेव्हा बाहेरची फवारणी पुढे ढकला, सगळं वाहून पाण्यात जातं. कुत्रा, मांजर आणि मुलं जागा पूर्ण वाळेपर्यंत आत नकोत. मत्स्यटाकी झाका आणि तिचा हवेचा पंप बंद ठेवा.

कौलारू छतात वस्ती असेल, फॉल्स सीलिंगमध्ये असेल किंवा दोन फवारण्यांनंतरही भिंतीवर गोचीड चढताना दिसत असतील तर स्वतः शिडीवर चढू नका. परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. त्याला आधी तीन प्रश्न विचारा: औषधाचं नाव काय, किती खेपा करणार आणि मांजर-विहिरीचं काय. झुरळांची नेहमीची फवारणी करून देतो म्हणणारा या कामाचा नाही.

इथे थांबा आणि डॉक्टर गाठा

गोचीड-तापात, म्हणजे एर्लिकिया किंवा बबेसियाच्या आजारात, सुरुवातीची लक्षणं साधी असतात. कुत्रा सुस्त, जेवणाकडे पाठ, फिरायला नेलं तर मध्येच बसतो. एर्लिकियाची लक्षणं गोचीड चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तोवर तो गोचीड विसरलेलाही असतो. म्हणून गोचीड सापडल्याची तारीख लिहून ठेवा.

घरी तीन गोष्टी बघता येतात. एक, ताप. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात घाला. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. १०३ किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. नाक गरम आहे की गार यावरून काही कळत नाही. दोन, हिरडी. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत गुलाबी झाली पाहिजे. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, तेव्हा खालची पापणी ओढून आतला रंग बघा. तीन, पोटाची कातडी. उजेडात जांघेजवळ लाल-जांभळे ठिपके दिसले आणि दाबल्यावर ते फिके झाले नाहीत, तर कातडीखाली रक्त उतरतंय.

ठिपके, नाकातून रक्त, काळं शौच, कॉफीच्या रंगाची लघवी, पांढुरक्या हिरड्या, डोळ्यात निळसर झाक, उभं राहताना लडखडणं, यांतलं काहीही रात्री दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, खूप घसरल्या की आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. माणसाची तापाची गोळी अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकतात, आणि आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढतो.

डॉक्टर रक्ताची पूर्ण तपासणी प्लेटलेटसह करतात, काचेवर रक्ताचा थर बघतात, गरज पडली तर एर्लिकियाची झटपट चाचणी किंवा जंतूचा अंश शोधणारी पीसीआर चाचणी सांगतात. या खर्चाला काट मारू नका. एर्लिकियावर डॉक्सीसायक्लिन चालतं, बबेसियावर वेगळं औषध लागतं, आणि दोन्ही एकदम असलेले कुत्रे आपल्याकडे सापडतात. नुसती डॉक्सीसायक्लिन सुरू करून बसलं तर बबेसिया आत तसाच राहतो आणि पंधरा दिवसांनी कुत्रा पुन्हा आडवा होतो.

डॉक्सीसायक्लिनचा कोर्स बहुधा २८ दिवसांचा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा शेपटी हलवत जेवायला येतो आणि गोळ्या तिथेच थांबतात, असं करू नका. गोळी जेवणासोबत द्या आणि वर थोडं पाणी पाजा, घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते. कोर्स संपल्यावर प्लेटलेटची तपासणी पुन्हा करून घ्या. आणि ताप उतरला म्हणून मानेवरची नळी किंवा महिन्याची गोळी चुकवू नका, या आजाराने आयुष्यभराचं संरक्षण मिळत नाही, पुढच्या गोचिडाने तो पुन्हा होतो.

दवाखान्यात जाताना कागदावर एवढं लिहून न्या: गोचीड शेवटचा कधी सापडला, कुठलं औषध कधी दिलं, आजचं वजन, तापमान आणि शेवटचं जेवण. स्पिरिटच्या बाटलीतले दोन-तीन गोचीडही सोबत असू द्या.